लॉजच्या सभागृहातील पडदा : युद्धोत्तर अमेरिकेतील ज्यू बंधुसंघटना, चित्रपट आणि ज्यूद्वेषाची जाणीव

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेतील ज्यू समाज ज्यूद्वेषाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, या प्रश्नाची चर्चा बहुधा राजकीय इतिहासाच्या अंगाने होते. चित्रपटाच्या अभ्यासकांनी १९४७ मधील ‘क्रॉसफायर’ आणि ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ या दोन चित्रपटांची पुरेशी दखल घेतली आहे. परंतु ती हॉलिवूडच्या सामाजिक चित्रपटाचा एक टप्पा म्हणून. या दोन अभ्यासक्षेत्रांच्या सीमेवर एक जागा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे ज्यू बंधुसंघटनेचे सभागृह. व्यापारी चित्रगृहात तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आणि आपल्या लॉजच्या बैठकीत, ओळखीच्या माणसांच्या शेजारी बसून तोच चित्रपट पाहणारा सभासद यांच्यापुढील प्रतिमा एकच असली, तरी त्यांचा अनुभव एक असू शकत नाही. पहिल्याला चित्रपट काहीतरी सांगत असतो. दुसरा स्वतःविषयी दुसऱ्याला काय सांगितले जात आहे हे ऐकत असतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रेक्षकाच्या आसनावरून त्या काळातील काही चित्रपटांचे वाचन केले आहे.

मराठी वाचकाला हा विषय काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल मराठी बोलत, मराठीत कीर्तने करत आणि त्यांच्या स्मृतीत शेजाऱ्यांकडून झालेल्या छळाचा इतिहास नाही. त्यामुळे ज्यूद्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर थेट हिटलरच्या छळछावण्या उभ्या राहतात. हॉटेलात खोली न देणारा, महाविद्यालयात राखीव मर्यादा घालणारा, हसतमुखाने दार लावून घेणारा ज्यूद्वेष आपल्या कल्पनेत सहसा येत नाही. चर्चेतील चित्रपट मात्र नेमके या दुसऱ्या प्रकाराविषयी आहेत.

बंधुसंघटना : विम्यापासून प्रतिमेपर्यंत

‘ब्नाय ब्रिथ’ म्हणजे कराराची मुले. जर्मनीहून आलेल्या बारा ज्यू स्थलांतरितांनी १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीटवरील एका कॅफेत या संघटनेची स्थापना केली. आजाऱ्याची शुश्रूषा, मृताचा अंत्यविधी, विधवा आणि अनाथांचा सांभाळ ही तिची आरंभीची कामे होती. लॉज हा शब्द, पदाधिकाऱ्यांची उतरंड, दीक्षाविधी या गोष्टी त्या काळच्या इतर बंधुसंघटनांप्रमाणेच होत्या. ज्यांना इतरांच्या मंडळांत प्रवेश नव्हता त्यांनी स्वतःचे मंडळ काढावे, इतके साधे कारण त्यामागे होते. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांनी ‘वर्कमेन्स सर्कल’ उभारले. त्यातून फुटलेल्या डाव्या गटाने १९३० मध्ये ‘इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर’ काढली. तिची ज्यू शाखा १९४४ पासून ‘ज्यूइश पीपल्स फ्रॅटर्नल ऑर्डर’ या नावाने काम करू लागली. स्वस्त विमा, दवाखाना, यिडिश शाळा आणि गायनवृंद असा तिचा पसारा होता.

या संघटना प्रतिमेच्या प्रश्नाकडे कशा वळल्या हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९१३ मध्ये ब्नाय ब्रिथने ‘ॲण्टी-डिफमेशन लीग’ ही बदनामीविरोधी शाखा स्थापन केली. शिकागोचे वकील सिग्मंड लिव्हिंगस्टन यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. रंगभूमीवरील आणि मूकपटांतील कंजूष, लबाड, लांब नाकाचा ज्यू हे तिचे पहिले लक्ष्य होते. त्याच वर्षी अटलांटातील पेन्सिलच्या कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक याला एका मुलीच्या खुनाबद्दल, अत्यंत संशयास्पद पुराव्यावर, फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. फ्रँक हा ब्नाय ब्रिथच्या अटलांटा लॉजचा अध्यक्ष होता. गव्हर्नरने फाशी रद्द करून जन्मठेप दिल्यावर १९१५ मध्ये जमावाने त्याला तुरुंगातून पळवून नेले आणि झाडाला लटकावले. अर्थात लॉजच्या सभासदाला पडद्यावरील विदूषकी ज्यू आणि झाडाला लटकलेला आपला अध्यक्ष यांच्यातील अंतर फार मोठे वाटत नसावे. चित्रपटाविषयीची या संघटनांची संवेदनशीलता काही समीक्षकांना अतिरेकी वाटते. हा इतिहास पाहता ती तशी वाटू नये.

फ्रँक प्रकरणावर आधारलेला ‘दे वोन्ट फर्गेट’ हा मर्व्हिन लेरॉय दिग्दर्शित चित्रपट १९३७ मध्ये आला. त्यात आरोपी उत्तरेकडून दक्षिणेत आलेला शिक्षक आहे. तो ज्यू नाही. ज्याच्या मृत्यूने एका संघटनेला जागे केले, त्याची ओळखच चित्रपटाने पुसून टाकली. युद्धपूर्व हॉलिवूडची रीत हीच होती. स्टुडिओंचे अनेक मालक स्वतः ज्यू असूनही, किंबहुना म्हणूनच, पडद्यावर ज्यू हा शब्द टाळला जात असे.

दहा मिनिटांचा धडा

युद्धकाळात लष्कराने सोळा मिलिमीटरच्या प्रक्षेपकांचा प्रशिक्षणासाठी भरपूर वापर केला. युद्धानंतर ही हलकी यंत्रे शाळा, चर्च, कामगार संघ आणि लॉज यांच्या आवाक्यात आली. चित्रपट दाखवायचा, दिवे लावायचे आणि चर्चा घडवायची, असा कार्यक्रम त्यामुळे शक्य झाला. चित्रगृहात दिवे लागले की माणसे घरी जातात. इथे दिवे लागल्यावरच मुख्य काम सुरू होई. हा फरक यंत्रामुळे घडला आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

अशा कार्यक्रमांसाठी जणू मापानेच बेतलेला चित्रपट म्हणजे ‘द हाउस आय लिव्ह इन’ (१९४५). दिग्दर्शक पुन्हा मर्व्हिन लेरॉयच, लेखक अल्बर्ट माल्ट्झ आणि प्रमुख भूमिकेत फ्रँक सिनात्रा. सुमारे दहा मिनिटांच्या या लघुपटाला विशेष अकादमी पुरस्कार मिळाला. ध्वनिमुद्रणाच्या मध्यंतरात सिनात्रा गल्लीत येतो, एका मुलाच्या मागे लागलेली टोळी पाहतो, त्यांना समजावतो, गाणे म्हणतो. समजावताना तो एका बॉम्बफेकी विमानाची गोष्ट सांगतो. वैमानिक कॉलिन केली प्रेस्बिटेरियन, बॉम्ब टाकणारा मेयर लेव्हिन ज्यू. दोघांनी मिळून ‘हारुना’ ही जपानी युद्धनौका टिपली.

या दहा मिनिटांत पुढील दशकाचे सगळे गुणदोष एकत्र सापडतात. ज्यू हा शब्द मोकळेपणाने उच्चारला गेला ही मोठी गोष्ट होती. परंतु ज्याचा पाठलाग होतो तो मुलगा स्वतःविषयी बोलत नाही. त्याच्या वतीने दुसरा बोलतो. ज्यूचे नागरिकत्व सिद्ध होते ते त्याने लढाईत भाग घेतल्यामुळे. न लढलेल्या ज्यूचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. द्वेष करू नका असे सांगणारा नायक त्याच दमात जपानी लोकांसाठी तुच्छतेचा शब्द वापरतो. शिवाय ती गोष्टही खरी नाही. केलीच्या विमानाने डिसेंबर १९४१ मध्ये ज्या जहाजावर हल्ला केला ते हारुना नव्हते. हारुना बुडाली ती जुलै १९४५ मध्ये, जपानच्या बंदरात. युद्धकाळातील एक दंतकथा सद्भावनेच्या धड्यात जशीच्या तशी शिरली. गाण्याचे कवी एबेल मीरोपोल यांनी शेजारच्या काळ्या आणि गोऱ्या माणसांचा उल्लेख असलेले कडवे लिहिले होते. ते चित्रपटात घेतले गेले नाही आणि त्याबद्दल ते संतापले, हेही नोंदवायला हवे. ज्यू मुलाला टोळीत सामावून घेताना काळा मुलगा चौकटीबाहेर राहिला.

‘क्रॉसफायर’ : मृताचे मौन

जुलै १९४७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘क्रॉसफायर’ अल्प खर्चात आणि थोड्या दिवसांत पूर्ण झालेला गुन्हेपट आहे. निर्माता एड्रियन स्कॉट, दिग्दर्शक एडवर्ड दिमित्रिक, आणि आरकेओ स्टुडिओच्या निर्मितीविभागाची सूत्रे डोरी शेरी यांच्या हाती. सॅम्युअल्स नावाच्या ज्यू माणसाचा खून होतो. खुनी माँटगोमेरी हा लष्करातील जवान. कारण काहीच नाही. तपास करणारा आयरिश वंशाचा अधिकारी फिनली शेवटी एका भाबड्या तरुण सैनिकाला आपल्या आजोबांची गोष्ट सांगतो. १८४८ मध्ये फिलाडेल्फियात ते मारले गेले, केवळ आयरिश कॅथलिक होते म्हणून.

रिचर्ड ब्रुक्स यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तिच्यात खून होतो तो समलिंगी पुरुषाचा. तत्कालीन निर्मितीसंहितेनुसार तो विषय पडद्यावर आणणे अशक्य होते. म्हणून बळी बदलला आणि कथानक जवळपास तसेच राहिले. चित्रपटाच्या वैचारिक मांडणीचे बळ आणि दुबळेपण दोन्ही या अदलाबदलीत आहे. द्वेष एकच असतो, बळी बदलतो, हे फिनलीचे प्रतिपादन कथेच्या जन्मातच दडलेले आहे. पण बळी इतक्या सहज बदलता येत असेल, तर ज्यूद्वेषाचे स्वतःचे असे काय उरते? शतकानुशतकांचा धार्मिक आरोप, सावकारीची प्रतिमा, कटकारस्थानाची मिथके यांचा चित्रपटात मागमूस नाही. आयरिश आजोबांच्या खुनाने तरुण सैनिकाला विषय समजतो. लॉजमधील सभासदाला मात्र तो आपल्या दुःखावर दुसऱ्याच्या दुःखाचे भाषांतर चढवल्यासारखा वाटला असल्यास नवल नाही.

सॅम्युअल्स चित्रपटात जिवंत भेटतो तो फक्त पूर्वदृश्यात. तेथे तो एका खचलेल्या सैनिकाशी बोलतो. युद्ध असेतोवर सर्वांचा द्वेष एका शेंगदाण्यावर केंद्रित होता, आता तो शेंगदाणा खाऊन टाकला, मग त्या द्वेषाचे करायचे काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. चित्रपटातील सर्वांत सखोल विचार मेलेल्या माणसाच्या तोंडी यावा आणि तोही ज्यूंविषयी नसावा, ही बाब सूचक आहे. माँटगोमेरी त्याला युद्ध चुकवणारा समजतो. तो ओकिनावाच्या लढाईत होता हे तपासात पुढे येते. म्हणजे पुन्हा लढाईचे प्रमाणपत्र! रॉबर्ट रायनने मात्र माँटगोमेरी अशा संयमाने उभा केला आहे की त्याचे बोलणे प्रारंभी कोणत्याही कचेरीत ऐकू येणाऱ्या बोलण्यासारखे वाटते. चित्रपटाचे खरे यश रायनच्या या हसऱ्या, समजूतदार सुरात आहे.

या चित्रपटावरून ज्यू संघटनांतच मतभेद झाले. अमेरिकन ज्यूइश कमिटीच्या ‘कॉमेंटरी’ मासिकाचे संपादक एलियट कोहेन यांनी ऑगस्ट १९४७ च्या अंकात चित्रपटकर्त्यांना उद्देशून खुले पत्र लिहिले. असा चित्रपट उलटा परिणाम घडवील, पूर्वग्रही प्रेक्षक खुन्याशीच नाते जोडील, अशी भीती त्यांनी मांडली. शेरी यांनी त्याच मासिकात उत्तर दिले. कट्टर द्वेष्ट्याला बदलणे हा हेतूच नसून सौम्य पूर्वग्रह असलेल्या बहुसंख्यांना हिंसक द्वेषापासून अलग ठेवणे हा हेतू आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ॲण्टी-डिफमेशन लीगशी संबंधित फ्रँक ट्रेगर यांनी लुई रॅथ्स यांच्यासह ओहायोतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवर चित्रपटाचा परिणाम तपासला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उलट्या परिणामाची भीती खरी ठरली नाही. अनुकूल बदल झाला तो माफक.

कोहेन यांच्या शंकेला आधार होता तो वेगळ्या अभ्यासाचा. युनिस कूपर आणि मारी याहोदा यांनी ‘मिस्टर बिगट’ या व्यंगचित्रमालेवर वाचकांच्या प्रतिक्रिया तपासल्या होत्या. मरणासन्न बिगटसाहेब रक्त घेतानाही ते सहा पिढ्यांच्या अमेरिकनाचेच हवे असा आग्रह धरतात, असे त्यातील एक चित्र. पूर्वग्रही वाचकांनी विनोदाचा रोख स्वतःकडे वळूच दिला नाही. त्यांनी चित्राचा अर्थच चुकवला. १९४७ मधील हा निबंध प्रचाराच्या मर्यादांविषयी आजही मूलभूत मानला जातो. त्याचा एक निष्कर्ष मात्र तेव्हा फारसा काढला गेला नाही. द्वेष्टा संदेश चुकवणार असेल, तर असे चित्रपट मनापासून पाहणारा प्रेक्षक उरतो तो ज्याच्याविषयी ते आहेत तोच. लॉजमधील प्रदर्शनांना ‘बाटलेल्यांनाच पुन्हा बाटवणे’ म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु सभासदाला तेथे मतपरिवर्तन नको होते. कचेरीत, क्लबात, शेजारात जे घडते त्याला नाव हवे होते.

‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ : आठ आठवड्यांचा ज्यू

हे नाव पुरवण्याचे काम एलिया कझान दिग्दर्शित ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ने केले. लॉरा हॉब्सन यांची कादंबरी आणि तिच्यावरील हा चित्रपट दोन्ही १९४७ चीच. पटकथा मॉस हार्ट यांची आणि निर्माता डॅरिल झॅनक, जो त्या काळच्या मोठ्या स्टुडिओप्रमुखांतील ज्यू नसलेला गृहस्थ होता. पत्रकार फिल ग्रीन (ग्रेगरी पेक) ज्यूद्वेषावर लेखमाला लिहिण्यासाठी स्वतः ज्यू असल्याचे सांगतो आणि आठ आठवडे तसा राहतो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि सहायक अभिनेत्री असे तीन अकादमी पुरस्कार मिळाले.

या चित्रपटावरील नेहमीचा आक्षेप सर्वश्रुत आहे : ज्यूचे दुःख पटण्यासाठी ते ज्यू नसलेल्याने भोगावे लागते. आक्षेप रास्त आहे. तरी लॉजच्या प्रेक्षकासाठी चित्रपटाचा गाभा ग्रीनमध्ये नसून त्याच्या भोवतीच्या दुय्यम पात्रांत आहे. ग्रीनची सेक्रेटरी नाव बदलून नोकरीला लागलेली ज्यू आहे. आता कचेरीत ‘नको तसल्या’ ज्यूंना घेतले जाईल या धास्तीने ती अस्वस्थ होते. उद्योगपती वाइसमन हा विषय छेडूच नका, गप्प राहिल्यानेच तो विझेल, असे भोजनाच्या टेबलावर सांगतो. प्राध्यापक लीबरमन धर्म मानत नाही आणि तरीही स्वतःला ज्यू म्हणवतो. ही तीन माणसे लॉजच्या प्रत्येक बैठकीत बसलेली होती. वाइसमनचे मत तर अनेक ज्यू संस्थांचे अधिकृत धोरण राहिले होते. बाहेरच्या प्रेक्षकाला जी किरकोळ पात्रे वाटली, त्यांनीच आतल्या प्रेक्षकापुढे आरसा धरला. अशा दृश्यांनंतर दिवे लागल्यावर चर्चा अवघड झाली असेल, असे मानायला हरकत नाही.

ग्रीनची वाग्दत्त वधू कॅथी ही चित्रपटातील सर्वांत चांगली लिहिलेली व्यक्तिरेखा. ती उदारमतवादी आहे, लेखमालेची कल्पना मूळ तिचीच आहे. पण मेजवानीत कोणीतरी ज्यूंवर गलिच्छ विनोद केला तेव्हा आपल्याला किळस आली, असे ती डेव्ह गोल्डमनला सांगते, तेव्हा तो शांतपणे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो : मग तू काय केलेस? तिने काहीच केलेले नसते. या दृश्यात ज्यूद्वेषाची चर्चा भावनेतून कृतीकडे वळते. एरव्ही काहीशा शब्दबंबाळ असलेल्या या चित्रपटात हे एक दृश्य काटकसरीने लिहिलेले आहे आणि ते बोलण्याची संधी प्रथमच ज्यू पात्राला मिळाली आहे.

उणीव दिसते ती अन्यत्र. युरोपातील साठ लाख ज्यूंचा संहार होऊन तीन वर्षेही झाली नव्हती आणि निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. चित्रपटाला मात्र कनेक्टिकटमधील डेरियन गावचे घर आणि ‘निर्बंधित’ हॉटेल यांपलीकडे जाववत नाही. सभ्य वस्तीतील बंद दार आणि ट्रेब्लिंका यांच्यात काही नाते आहे का, हा त्या पिढीपुढचा सर्वांत जळता प्रश्न होता. सभासदांपैकी अनेकांचे आप्त युरोपात मारले गेले होते. घरभाड्याच्या अन्यायावर पडदा दोन तास बोलतो आणि त्या मृत्यूंविषयी जवळजवळ मौन पाळतो, हे त्यांना जाणवले नसेल असे म्हणवत नाही. घराचा प्रश्न क्षुल्लक नव्हताच. वंशानुसार घरविक्री रोखणारे करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे १९४८ मध्ये. तरीही प्रमाणाचे भान सुटले आहे, आणि पुरस्कारांच्या गजरात ते झाकले गेले.

नोव्हेंबर १९४७ आणि नंतर

चित्रपट न्यूयॉर्कमध्ये ११ नोव्हेंबर १९४७ रोजी झळकला. त्याच महिन्यात अमेरिकन प्रतिनिधिगृहाने हॉलिवूडच्या दहा जणांवर अवमानाचा ठपका ठेवला. त्यांत ‘क्रॉसफायर’चे स्कॉट आणि दिमित्रिक होते, ‘द हाउस आय लिव्ह इन’चे माल्ट्झही होते. चर्चेच्या वेळी मिसिसिपीचे प्रतिनिधी जॉन रँकिन यांनी कलावंतांची मूळ ज्यू नावे सभागृहात वाचून दाखवली. ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’मध्ये ज्या द्वेष्ट्यांचा नावानिशी उल्लेख आहे, त्यांत हे रँकिन आहेत. डिसेंबरमध्ये इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर महान्यायवाद्यांच्या विध्वंसक संघटनांच्या यादीत गेली. न्यूयॉर्क राज्याच्या विमा खात्याने तिच्यावर कारवाई केली आणि १९५४ पर्यंत ती, आणि तिच्याबरोबर ज्यूइश पीपल्स फ्रॅटर्नल ऑर्डर, संपुष्टात आली. लाखाहून अधिक सभासदांची ही संस्था आर्थिकदृष्ट्या सुस्थितीत असताना केवळ राजकीय कारणासाठी मोडली गेली. ज्यूद्वेषाला वर्गसंघर्ष आणि वर्णद्वेष यांच्याशी जोडून पाहणारा एक प्रेक्षकवर्ग तिच्याबरोबर विखुरला. उरलेल्या संघटनांनी सौहार्दाची, कोणालाही न दुखावणारी भाषा पत्करली. तिची फळे पन्नाशीच्या दशकातील शैक्षणिक लघुपटांत दिसतात.

ॲण्टी-डिफमेशन लीगने १९५८ मध्ये ‘ॲन अमेरिकन गर्ल’ हा लघुपट आणला. त्यातील मुलगी ज्यू नाही. गावाचा तसा गैरसमज होतो आणि तिला त्याचे चटके बसतात. म्हणजे ग्रीनची युक्ती अकरा वर्षांनी पुन्हा वापरली गेली, आणि या वेळी स्टुडिओने नव्हे, तर ज्यू संघटनेनेच. डोरी शेरी १९६३ ते १९६९ या काळात लीगचे राष्ट्रीय अध्यक्ष होते.

डेव्ह गोल्डमनची भूमिका केली होती जॉन गारफील्डने. त्याचे जन्मनाव गारफिंकल; न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत तो वाढला. नायकपदाला पोहोचलेल्या या नटाने ही दुय्यम भूमिका स्वीकारली. उपाहारगृहात मद्यधुंद सैनिक डेव्हला ज्यूद्वेषी शिवी देतो, तेव्हा गारफील्ड उठून त्याची गचांडी धरतो. त्या एका क्षणी पडद्यावर कोणी कोणाचे सोंग घेतलेले नसते, आणि सभागृहात बसलेल्यांना ते ठाऊक होते. एप्रिल १९५१ मध्ये गारफील्डला चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. त्याने कोणाचेही नाव घेतले नाही. त्यानंतर त्याला हॉलिवूडमध्ये काम मिळाले नाही, आणि मे १९५२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो मरण पावला.